सही कोणाची, जबाबदारी कोणाची?

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये दोन प्रकारच्या पावत्या सापडतील. एक शिर्डीहून, पंढरपूरहून किंवा प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाहून आलेली देणगीची पावती. दुसरी इथल्या एखाद्या मंडळाची, जर्मन भाषेतली, करविवरणाला जोडण्यासाठी जपून ठेवलेली श्पेंडेनक्विटुंग. दोन्ही पावत्यांवर खाली कोणाची तरी सही असते. ही सही करणाऱ्या माणसाला कायद्याने कोणते अधिकार दिले आहेत आणि चूक झाली तर त्याच्या खिशाला किती झळ बसते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

विषय रूक्ष वाटेल, पण तो आपल्या दारात उभा आहे. कोणत्याही मंडळाच्या सर्वसाधारण सभेत खजिनदाराच्या निवडीचा मुद्दा आला की सभागृहात एकदम शांतता पसरते. तरुण मंडळी विचारतात, "काका, मी खजिनदार झाले आणि काही गोंधळ झाला तर माझ्या खात्यातून पैसे जातील का?" माझ्या पिढीतली मंडळी वेगळ्या शब्दांत तेच विचारतात: "गावच्या देवस्थानात वडिलांच्या जागी माझं नाव लावतो म्हणताहेत. लावू द्यावं का?" मी आयुष्यभर कायदा शिकवला, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. सुटी सुटी उत्तरे देण्यापेक्षा एकदा सगळे नीट मांडावे, असे वाटले.

'ट्रस्ट' हा एक शब्द, अर्थ तीन

मराठीत आपण 'ट्रस्ट' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

पहिला प्रकार खासगी ट्रस्टचा. आजोबांनी नातवाच्या शिक्षणासाठी रक्कम बाजूला काढली आणि ती सांभाळायला दोन माणसे नेमली. याला १८८२चा भारतीय विश्वस्त कायदा लागू होतो. दुसरा प्रकार सार्वजनिक ट्रस्टचा. गावचे देऊळ, शाळा, वाचनालय, धर्मादाय रुग्णालय या प्रकारात येतात. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी १९५०चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आहे. आता त्याच्या नावात 'मुंबई'ऐवजी 'महाराष्ट्र' आले आहे. या ट्रस्टांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते.

तिसरा प्रकार वैधानिक ट्रस्टचा. इथे विधिमंडळाने एकाच संस्थेसाठी स्वतंत्र कायदा केलेला असतो. संस्था कशी चालेल, समितीत कोण असेल, पैसा कशावर खर्च होईल, हे त्या कायद्यातच लिहिलेले असते. यात देवळेच असतात असे नाही. मुंबईचे बंदर चालवणारा पोर्ट ट्रस्ट १८७३मध्ये कायद्याने स्थापन झाला. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. लोकांच्या जमिनी सक्तीने संपादन करून रस्ते आणि वस्त्या आखण्याचा अधिकार त्याला होता. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती त्यानेच उभारली. ज्यांना आपण 'बी.आय.टी. चाळी' म्हणतो, त्यातली तीन अक्षरे याच ट्रस्टची. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. १९३३मध्ये हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. म्हणजे विधिमंडळाने जन्माला घातलेली संस्था विधिमंडळ मिटवूही शकते. वैधानिक ट्रस्टचे हे पहिले लक्षण लक्षात ठेवावे.

तीन देवस्थाने, तीन कायदे

पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३चा. त्याआधी विठ्ठल-रखुमाईच्या मंदिरात बडवे, उत्पात आणि इतर सेवाधाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क होते. देवापुढे आलेल्या उत्पन्नावरही त्यांचा हक्क होता. भाविकांच्या तक्रारी वाढल्या, सरकारने नाडकर्णी आयोग नेमला आणि त्यानंतर हा कायदा झाला. त्याने ते हक्क रद्द केले आणि व्यवस्थापन सरकारनियुक्त समितीकडे दिले. कज्जेदलाली अनेक दशके चालली; जानेवारी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडव्यांचे अपील फेटाळले तेव्हा वाद एकदाचा निकाली निघाला. कायदा झाल्यापासून त्यावर शेवटचे शिक्कामोर्तब व्हायला चाळीस वर्षे लागली.

सिद्धिविनायकाचे मूळ देऊळ १८०१चे, लक्ष्मण विठू आणि देऊबाई पाटील यांनी बांधलेले. १९८०मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. शिर्डीचा प्रवास याहून लांबचा आहे. साईबाबांचे निर्वाण १९१८च्या दसऱ्याला झाले. १९२२मध्ये अहमदनगरच्या न्यायालयाच्या योजनेनुसार संस्थान उभे राहिले. पुढे ते धर्मादाय आयुक्तांच्या आणि दिवाणी न्यायालयाच्या देखरेखीखाली गेले आणि २००४मध्ये स्वतंत्र कायद्याखाली आले. २०१८मध्ये शनिशिंगणापूरसाठीही असाच कायदा झाला.

इथे एक प्रश्न पडावा. दानपेटीत टाकलेला पैसा कोणाच्या मालकीचा? समितीचा नाही, सरकारचाही नाही. मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असून तिच्या नावावर मालमत्ता असू शकते, हे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९२५मध्ये कोलकात्याच्या मल्लिक घराण्याच्या दाव्यात स्पष्टपणे मांडले. वैधानिक ट्रस्टमध्ये मालमत्ता कायद्याच्या शब्दांनुसार ट्रस्टकडे निहित होते. पण दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे: सांभाळणारा मालक नसतो. देवळाचा पुजारी, विश्वस्त, अध्यक्ष, मंत्री, यांपैकी कोणीही नाही.

अधिकार कुठे संपतो?

वैधानिक ट्रस्टचे अधिकार मोठे दिसतात. तो करार करतो, जमीन घेतो, रुग्णालये आणि शाळा चालवतो, कर्मचारी नेमतो, स्वतःच्या नावाने दावा लावतो आणि त्याच्यावरही दावा लागतो. पण कायद्याने जे दिलेले नाही ते त्याला करता येत नाही. घरमालक आपला पैसा हवा तसा उडवू शकतो. वैधानिक ट्रस्टला मात्र प्रत्येक रुपयासाठी कायद्यातले एखादे कलम दाखवावे लागते.

सिद्धिविनायकाचे उदाहरण पाहा. या ट्रस्टने इतर संस्थांना दिलेल्या देणग्यांबद्दल तक्रार झाली आणि २००४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती व्ही. पी. टिपणीस यांची समिती नेमली. समितीला आढळले की देणगीसाठी संस्था निवडण्याची ठरलेली पद्धतच नव्हती. विश्वस्तांची, मंत्र्यांची किंवा सत्ताधारी पक्षातल्या वजनदार माणसांची शिफारस, हाच काय तो निकष. २००६मध्ये न्यायालयाने निधीच्या विनियोगासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार करायला सांगितले. देणगी देण्याचा अधिकार होता, यात वाद नव्हता. तो वापरताना काही कसोटी होती का, हा प्रश्न होता.

शिर्डीत प्रश्न अधिक टोकदार झाला. निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी संस्थानाने ५०० कोटी रुपये बिनव्याजी द्यावेत, असा निर्णय २०१८मध्ये झाला. दुष्काळी भागाला पाणी मिळावे हा हेतू कोणाला नको असेल? पण साईबाबांच्या चरणी वाहिलेला पैसा राज्याच्या पाटबंधारे प्रकल्पाला देता येतो का, या मुद्द्यावर प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. पुढे न्यायालयाने संस्थानाच्या मोठ्या खर्चांवर आपली नजर ठेवली. सप्टेंबर २०२२मध्ये सरकारने नेमलेली व्यवस्थापन समितीच रद्द झाली आणि कारभार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील तदर्थ समितीकडे गेला.

असे दावे थेट उच्च न्यायालयात का जातात? कायद्याने निर्माण झालेली आणि सरकारच्या ताब्यातली संस्था राज्यघटनेच्या दृष्टीने 'राज्य' ठरू शकते. मग तिला समानतेचे तत्त्व पाळावे लागते, मनमानी करता येत नाही आणि सामान्य भाविकही रिट अर्ज करू शकतो. सरकारचे छत्र मिळाले की सरकारची बंधनेही गळ्यात येतात.

सरकारच्या अधिकारालाही सीमा आहे. १९५०चा कायदा झाल्यावर त्याला आव्हान दिले गेले. रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात १९५४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरवला. हिशेब, नोंदणी, लेखापरीक्षण यांवर नियंत्रण चालेल. पण धार्मिक संस्थेचे विश्वस्त म्हणून खुद्द धर्मादाय आयुक्तांनाच नेमण्याची तरतूद न्यायालयाने अमान्य केली. देखरेख करणाऱ्याने कारभारी होऊन बसू नये, इतका साधा त्यामागचा विचार.

आणि करांचे काय? शिर्डीच्या दानपेटीत निनावी रकमा पडतात. प्राप्तिकर खात्याचे म्हणणे होते की संस्थान केवळ धर्मादाय आहे, म्हणून निनावी देणग्यांवर कर लागेल. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की संस्थान धर्मादायही आहे आणि धार्मिकही. त्यामुळे सवलत मिळते. एका शब्दाच्या वर्गवारीवर कोट्यवधी रुपयांचा कर अवलंबून होता.

गावचा ट्रस्ट, परदेशी विश्वस्त

आता आपल्यापैकी ज्यांचे नाव गावच्या देवस्थानात किंवा शाळेच्या संस्थेत लावले जाणार आहे, त्यांच्यासाठी. हा सार्वजनिक ट्रस्ट आहे, आणि विश्वस्तपद हा मान असला तरी मानापुरता नाही.

विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे बदलाची नोंद द्यावी लागते. बोलीभाषेत याला 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. अनेक जुन्या ट्रस्टांत हे वर्षानुवर्षे झालेलेच नसते. वडील जाऊन दहा वर्षे झाली, तरी दप्तरी त्यांचेच नाव. मग एक दिवस जमीन विकायची वेळ येते आणि कोण सही करणार यावर गावात दोन तट पडतात.

ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी, बक्षीस देण्यासाठी किंवा अदलाबदलीसाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि इमारत किंवा बिनशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची, तरीही लागते. कर्ज काढायलाही परवानगी हवी. दरवर्षी लेखापरीक्षण हवे. आणि सर्वांत महत्त्वाचे: अक्षम्य हलगर्जीपणामुळे किंवा विश्वासभंगामुळे ट्रस्टचे नुकसान झाले, तर ते विश्वस्ताकडून वसूल करण्याचा आदेश धर्मादाय आयुक्त काढू शकतात. "मी तर परदेशात होतो, मला काही माहीत नव्हते," हा बचाव फारसा चालत नाही. विश्वस्तांची जबाबदारी सामुदायिक असते आणि लक्ष न देणे हाही हलगर्जीपणाच आहे.

ट्रस्टवर समाजाचे देणेही असते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पुण्या-मुंबईत तुमच्या ओळखीतल्या गरजू कुटुंबावर मोठे आजारपण आले, तर एवढे जरूर विचारा: हे रुग्णालय धर्मादाय आहे का?

गार्चिंगचा फेराइन

आता घरी येऊ. आपण बोलताना 'मंडळ' म्हणतो, पण जर्मन कायद्यात मंडळ म्हणजे फेराइन. तो नोंदवलेला असेल तर नावापुढे 'ए. फाउ.' ही अक्षरे येतात. नोंदणीसाठी किमान सात सदस्य लागतात, आणि नोंद स्थानिक न्यायालयाच्या रजिस्टरमध्ये होते. यूबानमधून उतरून आपल्यातले कितीतरी जण इथल्या माक्स प्लांक संस्थांत कामाला जातात. त्या चालवणारी माक्स प्लांक गेझेलशाफ्ट हीसुद्धा कायद्याने एक नोंदणीकृत फेराइनच आहे. गणपतीत मोदक वाटणारे मंडळ आणि नोबेलविजेते संशोधक नेमणारी संस्था, दोघांचा कायदेशीर साचा एकच! शेजारची ईएसओ मात्र आंतरराष्ट्रीय कराराने बनलेली संस्था, आणि तांत्रिक विद्यापीठ सार्वजनिक कायद्याखालचे. कायद्याने केलेल्या ट्रस्टसारखे इथले उदाहरण हवे असेल तर ते बर्लिनला आहे: प्रशियाचा सांस्कृतिक वारसा सांभाळणारे प्रतिष्ठान, १९५७च्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेले.

नोंदणीचा सर्वांत मोठा फायदा असा की कर्ज आणि करार फेराइनच्या नावावर राहतात. सभागृहाचे भाडे, ढोल-ताशांचे भाडे, केटररचे बिल, हे सगळे फेराइनच्या मालमत्तेतून जाते, सदस्यांच्या घरातून नाही. नोंदणी न केलेल्या गटाच्या नावाने कोणी करार केला तर मात्र सही करणारी व्यक्ती स्वतः जबाबदार धरली जाते. 'आपण चार मित्र मिळून दिवाळी करू' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता त्या खजिनदार होऊ घातलेल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. फोरश्टांडमधली जी माणसे विनामोबदला किंवा कायद्याने ठरवलेल्या मर्यादेतले मानधन घेऊन काम करतात, त्यांना २००९पासून जर्मन नागरी संहितेत विशेष संरक्षण आहे. साध्या चुकीसाठी फेराइन त्यांच्याकडून भरपाई मागू शकत नाही. तिसऱ्या माणसाने त्यांच्याकडे भरपाई मागितली, तर ते ओझे फेराइनने उचलायचे असते. हे संरक्षण फक्त दोन ठिकाणी संपते: जाणूनबुजून केलेली गैरकृती आणि अक्षम्य हलगर्जीपणा. म्हणजे बिलाची तारीख चुकली तर झोप उडवण्याचे कारण नाही. वर्षभर हिशेबच लिहिला नाही, तर आहे.

तीन ठिकाणी मात्र अधिक सावध राहावे. पहिले, कर. फेराइनची करविषयक कर्तव्ये फोरश्टांडने पार पाडायची असतात. ती जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणे टाळली तर फिनान्सआम्ट फोरश्टांडच्या व्यक्तींकडे येऊ शकते. दुसरे, देणगीची पावती. जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणे चुकीची पावती दिली, किंवा देणगी सांगितलेल्या कामाऐवजी भलतीकडे वळवली, तर देणगीच्या ३० टक्के रक्कम बुडालेल्या कराच्या बदल्यात भरावी लागू शकते. सहभोजनाच्या वर्गणीची 'देणगी' म्हणून पावती देणे हा मैत्रीखातर केलेला उपकार नव्हे. तिसरे, संगीत. सार्वजनिक कार्यक्रमात चित्रपटगीते वाजणार असतील तर गेमाकडे आधी नोंद करावी.

वार्षिक सभेत 'एन्टलास्टुंग' नावाचा ठराव येतो आणि आपण हात वर करून मोकळे होतो. त्याचा अर्थ समजून घ्या. सभेला जे हिशेब दाखवले आणि जे त्यावरून कळू शकले, त्याबद्दल फेराइन फोरश्टांडकडे पुढे भरपाई मागणार नाही, असे आपण त्या हाताने जाहीर करतो. म्हणून आधी हिशेब वाचा, तपासनिसांना प्रश्न विचारा, मग हात वर करा. लपवलेल्या गोष्टींना मात्र या ठरावाचे संरक्षण मिळत नाही.

देणगी सीमा ओलांडते तेव्हा

पहिल्या आणि दुसऱ्या पिढीतला खरा फरक इथे दिसतो. भारतीय पारपत्र असलेल्या माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत गावच्या शाळेला पैसे पाठवले, तर भारतीय कायदा त्याला विदेशी देणगी मानत नाही. पण तीच रक्कम जर्मन नागरिक झालेल्या मुलाने पाठवली तर ती विदेशी देणगी ठरते. त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरीही, आणि भारतातल्या खात्यातून रुपयांत दिली तरीही. ती स्वीकारायला त्या शाळेच्या ट्रस्टकडे २०१०च्या विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२०च्या दुरुस्तीनंतर अशा रकमा नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच घ्याव्या लागतात, आणि एका संस्थेने दुसरीकडे वळत्या करायलाही बंदी आहे. आपल्या चांगुलपणामुळे गावचे मुख्याध्यापक अडचणीत येऊ नयेत, म्हणून पैसे पाठवण्याआधी एक फोन करून नोंदणी आहे का, हे विचारावे.

करसवलतीबद्दलही एक गैरसमज आहे. शिर्डीची किंवा गावच्या शाळेची पावती जर्मन करविवरणात चालत नाही. युरोपीय न्यायालयाने २००९मध्ये सीमेपलीकडच्या देणग्यांना दार उघडले, पण ते युरोपीय संघातल्या संस्थांसाठी. भारतातल्या कामाला सवलतीसह मदत करायची तर ती इथल्या लोकोपयोगी मान्यता असलेल्या फेराइनमार्फत व्हावी लागते. तिथेही फेराइनच्या घटनेत तो उद्देश लिहिलेला हवा आणि पैसा खरोखर त्या कामाला लागला याचे पुरावे हवेत.

सही करण्यापूर्वी

तर गावच्या ट्रस्टसाठी किंवा इथल्या मंडळासाठी कोणी तुमच्यापुढे कागद ठेवला, तर चार गोष्टी मागा: संस्थेची घटना, मागच्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, मालमत्तेची यादी, आणि बँकेत सहीचे अधिकार कोणाला आहेत याची नोंद. गावाकडे असेल तर शेवटचा चेंज रिपोर्ट मंजूर झाला का, हेही विचारा. कागद मिळाले तर आनंदाने सही करा. 'ते बघू नंतर' असे उत्तर आले तर सहीही नंतर करा. दूर राहून बैठकांना येणे जमणार नसेल, तर विश्वस्त होण्याऐवजी देणगीदार राहणे अधिक प्रामाणिक. राजीनामा द्याल तेव्हा तो लेखी द्या आणि त्याची दप्तरी नोंद झाली का ते पाहा.

इथे वाढलेल्या मुलामुलींना एक विनंती. गावचा ट्रस्ट तुम्हाला कदाचित लांबचा वाटेल, पण मंडळ तुमचे आहे. इथल्या शाळेत शिकल्यामुळे फिनान्सआम्टचे पत्र तुम्ही आमच्यापेक्षा चांगले वाचता. कायद्याने तुम्हाला पुरेसे संरक्षण दिले आहे. त्या बदल्यात तो फक्त नीट हिशेब मागतो. पुढच्या सभेत खजिनदाराचे नाव विचारले जाईल, तेव्हा तुमच्यापैकी एकाचा तरी हात वर दिसावा. पहिल्या वर्षीचे हिशेब शेजारी बसून तपासून द्यायला माझ्यासारखे निवृत्त लोक मोकळेच आहेत.

दीपावलीच्या शुभेच्छा!